मिठाच्या पुड्यावरची तारीख

जानेवारी, रविवार. नाशिक.

थंडी कडक झाली की रक्तवाहिन्या आकसतात आणि बीपीचा आकडा उन्हाळ्यापेक्षा थोडा चढाच दिसतो. पण सगळा दोष थंडीवर टाकून चालणार नाही. स्वयंपाकघरातला हिशोब आधी तपासायला हवा.

तो मिठाच्या पुड्यावरूनच सर्वांत खरा कळतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा. म्हणजे चौघांच्या घरात १ किलोचा पुडा निदान ५० दिवस पुरायला हवा. फोडल्या दिवशीच त्यावर तारीख टाकावी. महिन्यात संपला तर माणशी ८ ग्रॅमच्या वर गेलं, आणि त्यात विकतचा पापड, लोणचं, फरसाण, पाव, बिस्किटं यांतलं मीठ धरलेलंच नाही.

मीठ एकदम निम्मं केलं की भाजी अळणी लागते आणि दोन दिवसांत मीठदाणी पुन्हा ताटाशेजारी येते. त्यापेक्षा दर आठवड्याला चिमूट-चिमूट कमी करावं. काही आठवड्यांत जीभ सरावते. आमसूल, लिंबू, लसूण, भाजलेलं जिरं यांचा खूप आधार होतो. भातात आणि पोळीच्या कणकेत मीठ नकोच. पोटॅशियमवालं ‘लो सोडियम’ मीठ मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणू नये: मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.

मिसळ कायमची बंद करा, हा सल्ला नाशिकात टिकणारा नाही. महिन्यातून एखादवेळी खावी, पण मटकी जास्त, फरसाण निम्मं, पाव एकच, पापड नको, आणि तर्री पुन्हा मागायची नाही. तर्रीवर तरंगणाऱ्या चमचाभर तेलातही ४५ कॅलरी असतात. वजन किलोभर उतरलं की बीपीचा वरचा आकडा साधारण एकाने उतरतो, म्हणून पाच किलोसुद्धा मोलाचे. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या आत असावी.

गोल्फ क्लब मैदानावर किंवा गोदापार्कात आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास चालावं, तेही बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. या दिवसांत ऊन वर आल्यावरच निघावं.

बीपी घरी मोजताना घाई नको. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नाही, लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसावं. पाय जमिनीवर, पट्टा उघड्या दंडावर, हात छातीच्या उंचीला. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्यावर राहिली, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावं. वजन उतरल्यावर उठताना चक्कर येऊ लागली तरीही जावं. गोळी कमी करायची असेल तर ती तेच करतील.