समोरच होती की!

सोमवार, रात्र

लपलेल्या वस्तू शोधायच्या खेळात आज एका कात्रीने बराच वेळ छळलं. माळ्याचं दृश्य होतं. जुन्या ट्रंका, तडा गेलेला आरसा, दोरीवर टांगलेले झगे, कोपऱ्यात डुलती खुर्ची. यादीतल्या बाकीच्या वस्तू भराभर मिळाल्या, कात्री तेवढी राहिली. हिंट शेवटपर्यंत घ्यायची नाही, हा आईचा आणि माझा नियम. त्यामुळे दोघी टॅबवर डोकं घालून बसलो. अखेर आईनेच बोट टेकवलं. खुर्चीच्या पाठीवर वेलबुट्टी कोरलेली होती आणि त्या वेलीच्या दोन गोल वळणांच्या जागी कात्रीच्या दोन कड्या होत्या. पाती खाली दांड्यासारखी सरळ उतरलेली. अख्खी कात्री. कशाच्या मागे दडवलेली नाही, पुसट केलेली नाही, आकाराने आक्रसलेली नाही.

"अगं, समोरच होती की!" आई म्हणाली, आणि पुढची पाच मिनिटं आम्ही ती खुर्चीच बघत बसलो.

लपलेल्या वस्तू शोधायचे हे खेळ मी वर्षानुवर्षं खेळते आहे आणि त्यांच्यावर माझा मनापासून जीव आहे. खेळ चांगला की वाईट हे मी एकाच गोष्टीवरून ठरवते: वस्तू सापडल्यावर चित्रकाराला दाद द्यावीशी वाटते, की त्याच्या नावाने बोटं मोडावीशी वाटतात? आजच्या कात्रीला दाद. ज्याने ती काढली त्याने आधी खुर्ची नीट पाहिली असणार, वेल कुठे वळते ते पाहिलं असणार, आणि मग तिथे कात्री बसवली असणार. त्याने माझी फसवणूक केली नाही. माझ्या डोळ्यांची सवय त्याला ठाऊक होती, एवढंच.

याच्या अगदी उलट अनुभव मागे एका खेळात आला. तपकिरी कपाटावर तपकिरी किल्ली, आणि तीही इतकी फिकी केलेली की लाकडावरचा ओघळ वाटावी. पडद्याच्या कडेतून कंगव्याचे तीन दात बाहेर, बाकी सगळा कंगवा पडद्याआड. चहाच्या कपात अंगठ्याएवढा हत्ती, आणि त्याच टेबलावर हत्तीहून मोठं फुलपाखरू. असल्या वस्तू सापडल्या तरी आनंद होत नाही. कंगव्याचे तीन दात बघून "हा कंगवा" असं कुणाला वाटेल? तो शोधलेला नसतो, बोट चुकून त्याच्यावर पडलेलं असतं. आईने तर तो खेळ दुसऱ्याच दिवशी बंद करायला लावला. "याला दाखवायचंच नाहीये," म्हणाली.

या खेळांमधली बहुतेक चित्रं थरांनी बनतात. खाली खोलीचं चित्र, त्यावर एकेक वस्तू स्वतंत्र चिकटवलेली. वस्तूला आजूबाजूचा रंग द्यायचा, सावली टाकायची, फिरवायची, पारदर्शक करायची, हे सगळं करणाऱ्याच्या हातात असतं. वस्तू फिकी करणं क्षणाचं काम आहे. वेलबुट्टीत कात्री बसवायला वेळ आणि नजर दोन्ही लागतात. कंटाळलेला चित्रकार कुठला मार्ग धरतो हे दृश्य उघडल्या उघडल्या कळतं.

आणि हे खेळ खेळणाऱ्यांत आईच्या वयाच्या बायका पुष्कळ असतात. वय वाढलं की पार्श्वभूमीत मिसळलेलं, कमी उठावाचं असं काही दिसणं अवघड होत जातं, मोतीबिंदू असेल तर आणखीच. ज्यांच्यासाठी खेळ बनवायचा त्यांच्याच डोळ्यांच्या दुबळेपणावर कोडं उभं करायचं, हे मला फार खुपतं.

बुधवार

कात्री अजून डोक्यातून गेली नाही. आईला ती दिसली आणि मला नाही, असं का?

आईने आयुष्यभर तांदूळ निवडले आहेत. पोत्याने तांदूळ यायचा तेव्हा दुपारभर परात मांडीवर घेऊन बसायची. काळा खडा तिला शोधावा लागत नसे, तो आपणहून डोळ्यांत भरायचा. परातीत पसाभर तांदूळ असोत की शेरभर, काळ्याला फरक पडत नाही. दाताखाली येतो तो पांढरा खडा. रंग तांदळाचा, आकार जवळपास तांदळाचा. तिथे दाणा न् दाणा सरकवून बघावा लागतो, आणि तांदूळ जितका जास्त तितका वेळ जास्त.

अ‍ॅन ट्रीझमन आणि गॅरी गेलाड या मानसशास्त्रज्ञांनी 1980 साली मांडलेला सिद्धांत नेमका याच फरकावर उभा आहे. शोधायची वस्तू रंग किंवा तिरपेपणा अशा एखाद्या साध्या गुणाने वेगळी असेल, तर भोवती गर्दी कितीही असो, ती उठून दिसते. पण दोन गुण एकत्र जुळवून ओळखायची असेल तर लक्ष एकेका वस्तूवर न्यावं लागतं, आणि गर्दीगणिक वेळ वाढतो. मार्टिन हँडफर्डच्या 1987 पासूनच्या, गर्दीत वॉली नावाच्या माणसाला शोधायच्या चित्रपुस्तकांची करामत हीच. वॉलीचा लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट खरं तर झटकन दिसायला हवा. म्हणून हँडफर्ड पानभर लाल-पांढरे टॉवेल, तंबू आणि इतर पट्टेवाले पेरून ठेवतो. डोळा धावतो, फसतो, परत येतो. तरी वॉलीचा चेहरा तिथे स्वच्छ काढलेला असतो. त्याच्या पानावर अंधार नाही, धुकं नाही.

दुसरा एक प्रयोग वाचला तेव्हा मला या खेळांचं खरं सुख कशात आहे ते उमगलं. मानसशास्त्रज्ञ जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात तो छापला. विमानतळावर बॅगा तपासणाऱ्यांचं काम डोळ्यांसमोर ठेवून केलेला प्रयोग. वस्तूंच्या गर्दीत एखादं अवजार आहे का ते लोकांना शोधायला सांगितलं. निम्म्या चित्रांत अवजार असलं तेव्हा ते सुमारे 7 टक्के वेळा नजरेतून सुटलं. शंभरातल्या एकाच चित्रात असलं तेव्हा मात्र सुमारे 30 टक्के वेळा सुटलं. डोळे तेच, अवजारंही तीच. पण बराच वेळ काही सापडत नाही म्हटल्यावर माणूस लवकर "नाही" म्हणून मोकळा होतो. आता पाकिटात साफ केलेला तांदूळ येतो, आणि त्यातला एखादा चुकार खडा आईच्या नजरेतूनही निसटतो, तो याच कारणाने.

खेळातली यादी या बाबतीत मोठी कृपा करते. कात्री असं लिहिलंय म्हणजे कात्री आहे. असेल का, नसेल का, हा प्रश्नच नाही. प्रत्यक्षात हरवलेली वस्तू शोधताना सगळ्यात दमवतो तो हाच संशय: घरात आहे की रिक्षात राहिली? खेळात तो नसतो, म्हणून दिवसभराच्या कामानंतरही शोधण्यात विश्रांती मिळते. पण ही यादी म्हणजे शब्द दिल्यासारखं आहे. कंगव्याचे तीन दात दाखवून "कंगवा होता" म्हणणारा खेळ तो शब्द मोडतो. एकदा मोडला की पुढच्या प्रत्येक दृश्यात मी वस्तू बघणं सोडून देते आणि स्क्रीनभर टकाटक क्लिक करत सुटते. मग खेळ मलाच शिक्षा करतो. बाण थरथरतो, काही सेकंद क्लिक घेत नाही. अंदाधुंद क्लिक करणाऱ्याला थोपवायलाच हवं, हे मान्य आहे. पण माणूस अंदाधुंद क्लिक का करायला लागतो, हे खेळ बनवणाऱ्याने आधी बघायला हवं.

शुक्रवार, रात्री उशिरा

घड्याळावरून आईशी वाद. तिला टायमर हवा असतो, मला अजिबात नको. "वेळ नसेल तर मग कसली मजा," हे तिचं म्हणणं. मला चित्रात रेंगाळायचं असतं. भिंतीवरची तसबीर कुणाची, खिडकीबाहेर पाऊस आहे का, हे बघायचं असतं. वर कोपऱ्यात सेकंद पळत असले की मी खोली बघतच नाही, वस्तू ओरबाडते.

जुन्या खेळांत टायमर असायचाच. बिग फिश गेम्स या कंपनीचा 'मिस्टरी केस फाइल्स: हंट्सव्हिल' 2005 साली आला आणि हा प्रकार घराघरांतल्या संगणकांवर पोचला. ठरावीक मिनिटांत पुरावे गोळा करायचे. यादीतल्या वस्तूंचा गुन्ह्याशी संबंध बेताचाच, तरी हात थांबायचा नाही. मला मात्र खरं वेड लावलं ते त्याच मालिकेतल्या 2006 च्या 'रेव्हनहर्स्ट'ने. त्यातही घड्याळ होतं, पण तिथे शोधण्याला कारण होतं. एमा रेव्हनहर्स्ट नावाच्या तरुणीची रोजनिशी फाटून विखुरली आहे, आणि वस्तू शोधत गेलं की तिची पानं हाती लागतात. चार्ल्स डॅलिमार तिला मागणी घालतो, ती नाकारते, आणि पुढे काय होतं ते पानापानातून उलगडतं. एरवी मला चमचा सापडला काय नि नाही काय! पण या चमच्यामागे एमाचं पुढचं पान आहे म्हटल्यावर रात्रीचा एक वाजला तरी संगणक बंद करवत नसे.

पुढे या मालिकेत आणि इतरही खेळांत गोष्ट वाढत गेली. कुलपं आली, कोडी आली, पिशवीत वस्तू जमवायच्या आणि योग्य जागी वापरायच्या असं आलं. पोलंडच्या आर्टिफेक्स मुंडी कंपनीचे खेळ या घडणीचे. त्यांची रंगवलेली दृश्यं बघत राहावीत अशी असतात. या प्रकारात माझं एकच गाऱ्हाणं आहे, आणि ते कुणा एका खेळाबद्दल नाही. माझ्या पिशवीत हातोडा आहे, समोर काच आहे, आणि खेळ म्हणतो, काच फोडायला काहीतरी शोध. मग तीन खोल्या ओलांडून दगड आणायचा. किंवा सुरी एक दोर कापते आणि पिशवीतून गायब होते, पुढच्या दाराशी पुन्हा दोर. इथे मी विचार करायचा थांबवते आणि बनवणाऱ्याच्या मनात काय असेल ते ओळखत बसते. दृश्यातली फिकी किल्ली आणि हा नाकारलेला हातोडा, माझ्या लेखी दोन्ही एकाच जातीचे. दोन्हीकडे मी बरोबर असूनही मला चूक ठरवलं जातं.

शनिवार

मोबाइलवरचा एक खेळ आज काढून टाकला. चित्रं सुंदर होती, हे आधी सांगते. पण तिसऱ्या दृश्यानंतर खेळायला लागणारी एनर्जी संपली. थांबा, नाहीतर पैसे भरा. आणि थांबून परत आलं की तीच खोली पुन्हा, बक्षिसाच्या चांदण्या भरेपर्यंत. त्याच खोलीत तीच छत्री तिथेच. आता मी शोधत नाही, नुसतं आठवते. पाठांतराचा खेळ वेगळा असतो, आणि तो मला नको आहे. खेळ बनवणाऱ्यांनाही पोट आहे, पैसे घ्यावेत, जरूर घ्यावेत. संगणकावर पूर्वी तासभर फुकट खेळून बघायचं आणि आवडला तर एकदाच विकत घ्यायचा, हा व्यवहार मला सरळ वाटायचा. अजूनही वाटतो.

रविवार

दुपारी आईला 'हिडन फोक्स' दाखवला. आद्रियान दे योंग आणि सिल्व्हँ तेग्रोक या दोघांचा, 2017 चा. रंग नाहीतच. पांढऱ्यावर काळ्या रेघांनी हाताने काढलेलं जंगल, वाळवंट, शेत, शहर, आणि त्यात शेकडो माणसं, माकडं, गाड्या. आई आधी जरा नाराज झाली, "हे काय, रंग भरायचे राहिलेत का?" म्हणाली. मग तिने एका झुडपावर बोट ठेवलं आणि झुडूप बाजूला झालं. तंबूवर ठेवलं, तंबू उघडला. प्रत्येक गोष्टीला आवाज आहे, आणि सगळे आवाज माणसांनी तोंडाने काढलेले. गाडी घुर्रर्र करते ती कुणीतरी ओठ फुरफुरवून. आई इतकी हसली की शोधायचं काय ते विसरली.

इथे घड्याळ नाही, चुकीच्या क्लिकला शिक्षा नाही. स्क्रीनच्या खाली शोधायच्या पात्रांची छोटी चित्रं असतात. एखाद्यावर बोट ठेवलं की त्याच्याबद्दल एक ओळ येते आणि त्या ओळीतच तो कुठे असेल याची खूण असते. ती हिंट मला फार आवडते. नेहमीची हिंट वस्तूभोवती चमचमणारं वर्तुळ काढते आणि शोधायचं सुखच हिरावून घेते. ही मात्र फक्त कुठल्या दिशेला बघायचं ते सांगते, बाकी शोध तुमच्यावर सोपवते. मी ओळ वाचून मराठीत सांगायची, आई शोधायची. एक जण केळीच्या बागेजवळ असणार असं ओळीवरून वाटलं, तर आई म्हणाली, "बागेत नसेल तो, सावलीला बसला असेल." पानं बाजूला सारत गेली आणि खरंच मिळाला. या चित्रात रंग नाही, म्हणजे रंगाने उठून दिसायची सोयच नाही. सगळं आकारावर आणि कोण कुठे असेल या विचारावर. तरी एकही पात्र पुसट नाही. रेघ सगळ्यांना सारखीच.

संध्याकाळी तिने विचारलं, टायमरवाला नाही का एखादा? लॅपटॉपवर 'रेव्हनहर्स्ट' लावून द्यायचं ठरलंय. घड्याळ तिच्या मनासारखं, एमाची रोजनिशी माझ्या मनासारखी. पानं मी वाचून दाखवणार, वस्तू ती शोधणार. पुढे काय होतं ते आधीच सांगायचं नाही, अशी अट तिने घातली आहे.