लाँच मॉनिटरची निवड: खोलीपासून स्पिनपर्यंतच्या नोंदी

नोंद १: आधी टेप, मग यंत्र

लाँच मॉनिटर म्हणजे गोल्फचा फटका मारल्यावर चेंडूचा वेग, कोन आणि स्पिन (चेंडूचं स्वतःभोवती फिरणं) मोजणारं यंत्र. गटाच्या सरावाच्या एका बंद खोलीसाठी ते रडारचं घ्यायचं की कॅमेऱ्याचं, हे इथे ठरवायचं आहे.

खोलीची आतली मापं: लांबी ५.४ मीटर, रुंदी ३.७ मीटर, उंची २.८५ मीटर. यंत्राची जाहिरात वाचण्याआधी ही तीन मापं कागदावर असली की अर्धी यादी आपोआप कापली जाते.

रडारचं यंत्र चेंडूच्या मागे ठेवतात. गार्मिन आर१०, मेवो प्लस, रॅप्सोडो एमएलएम२प्रो या वर्गातल्या यंत्रांना चेंडूमागे साधारण २ ते २.४ मीटर आणि चेंडूपुढे किमान २.४ मीटर मोकळं उड्डाण लागतं. चेंडू अडवणाऱ्या पडद्यामागे ३० सेंटिमीटर सोडले नाहीत तर चेंडू पडद्यासकट भिंतीवर आदळून परत येतो. बेरीज केली तर २.१ + २.५ + ०.३ = ४.९ मीटर. कागदावर बसतं. पण पडदा अडीच मीटरवर असेल तर परत येणारा चेंडू पायापर्यंत पोचतो, म्हणून निदान ३ मीटर धरावेत. तसं धरलं की बेरीज ५.४ होते आणि यंत्राच्या स्टँडला जागाच उरत नाही.

कॅमेऱ्याचं यंत्र चेंडूच्या बाजूला, जेमतेम फूट-दीड फूट अंतरावर बसतं. मागे फक्त स्विंगपुरती जागा लागते. चेंडू पडद्यापासून ३.१ मीटरवर, पडद्यामागे ०.३, उरलेले २ मीटर खेळाडूला. इथे खोलीनेच कौल दिला, पण रडार का नाकारलं याची कारणं फक्त लांबीची नाहीत. ती पुढे येतात.

उंचीसाठी हिशेब करत बसू नका. गटातल्या सगळ्यांत उंच माणसाला ड्रायव्हर (सगळ्यांत लांब क्लब, म्हणजे चेंडू मारायची काठी) देऊन अगदी सावकाश पूर्ण स्विंग करायला लावा आणि दुसऱ्याने छत बघावं. क्लब छताला लागत नसला तरी लागेल अशी धास्ती असेल तर स्विंग आखडतो, आणि मग आकडे त्या आखडलेल्या स्विंगचे येतात.

नोंद २: रडारला नक्की काय दिसतं

या किमतीतली बहुतेक रडारं २४ गिगाहर्ट्झवर चालतात. तरंगलांबी सुमारे १२.४ मिलिमीटर. डॉप्लरचं, म्हणजे हलत्या वस्तूवरून परतताना लहरीची वारंवारता किती बदलते याचं, गणित सोपं आहे: वेगाची दुप्पट भागिले तरंगलांबी. म्हणजे सेकंदाला १ मीटर वेगामागे साधारण १६१ हर्ट्झ. चेंडू ताशी १५० मैलांनी, म्हणजे सेकंदाला ६७ मीटरने निघाला तर परतलेल्या लहरीत सुमारे १०.८ किलोहर्ट्झचा फरक पडतो. हा आकडा माणसाच्या कानाच्या टप्प्यातला आहे. स्पीकरला जोडला तर शॉट शिट्टीसारखा ऐकू येईल. क्लबहेड (क्लबचं चेंडूला लागणारं डोकं) सेकंदाला ४५ मीटरने आलं तर ७.२ किलोहर्ट्झ. दोन सूर इतके वेगळे असल्यामुळे चेंडू आणि क्लब यांची गल्लत सहसा होत नाही, आणि चेंडूचा वेग हा रडारचा सगळ्यांत भरवशाचा आकडा ठरतो.

दिशा आणि उंचीचा कोन डॉप्लरमधून मिळत नाही. त्यासाठी शेजारी शेजारी अनेक अँटेना असतात आणि एकच लहर प्रत्येकीपर्यंत किती पुढेमागे पोचली, त्या फरकावरून कोन काढतात. त्यामुळे यंत्र किंचित वाकडं ठेवलं तर वेग बरोबर येतो, दिशा मात्र चुकते.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. डॉप्लरला फक्त यंत्राकडे येणारा किंवा यंत्रापासून दूर जाणारा वेग कळतो. आडवा जाणारा कळत नाही. म्हणून ही यंत्रं मागे ठेवावी लागतात. जागा कमी पडते म्हणून तिरकी ठेवली की आकडे येतात, पण त्यांना अर्थ उरत नाही.

नोंद ३: खोलीत स्पिन, खरी अडचण इथे

ड्रायव्हरचा चांगला फटका २७०० आरपीएमच्या (मिनिटाला फेरे) आसपास फिरतो. म्हणजे सेकंदाला ४५ फेरे. ६७ मीटरच्या वेगाने अडीच मीटर जायला ३७ मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात चेंडूचे फेरे किती? पावणेदोनसुद्धा नाहीत.

रडार स्पिन मोजतं ते चेंडूवरच्या एखाद्या असमानतेमुळे परतलेल्या लहरीत दर फेऱ्याला होणाऱ्या हलक्या चढउतारावरून. पण ३७ मिलिसेकंदांच्या तुकड्यात दोन वारंवारता वेगळ्या ओळखायच्या तर त्यांच्यात साधारण २७ हर्ट्झचं अंतर हवं. २७ हर्ट्झ म्हणजे १६०० आरपीएम! हुशार गणिताने ही मर्यादा बरीच खाली आणता येते, पण त्यासाठी खूण ठळक लागते. गुळगुळीत पांढऱ्या चेंडूवर ती जवळपास नसतेच. बाहेर मैदानात चेंडू सेकंद-दोन सेकंद नजरेत राहतो, पन्नास-शंभर फेरे मिळतात, तिथे हेच रडार सुखाने स्पिन मोजतं.

वेजची (जवळच्या उंच फटक्यांच्या क्लबची) गोष्ट वेगळी. ९००० आरपीएम म्हणजे सेकंदाला १५० फेरे, आणि चेंडूही सावकाश, सेकंदाला ४० मीटर. अडीच मीटरला ६२ मिलिसेकंद, म्हणजे नऊ फेरे. त्यामुळे खोलीत रडारचा वेज-स्पिन बरा आणि ड्रायव्हर-स्पिन संशयास्पद, हे उलटं वाटणारं चित्र दिसतं.

यावर तीन उपाय बाजारात आहेत. चेंडूवर धातूचा ठिपका चिकटवणं हा पहिला. टायटलिस्टच्या आरसीटी चेंडूंमध्ये रडारला दिसणारी खूण आवरणाखाली बसवलेली असते, हा दुसरा. तिसरा म्हणजे रडारच्या जोडीला कॅमेरा आणि चेंडूवर छापलेली नक्षी. एमएलएम२प्रो आरपीटी चेंडूंसह तेच करतं. ठिपका लावताना तो फिरण्याच्या अक्षावर येऊ देऊ नका. चेंडूच्या डाव्या किंवा उजव्या कुशीवर मधोमध लावलेला ठिपका जागच्या जागी फिरतो, चढउतार होतच नाही आणि ठिपका फुकट जातो. एका फटक्यानंतर कड उचललेला ठिपका बदलायचा, दाबून परत वापरायचा नाही.

स्पिन मिळाला नाही तर बरीच यंत्रं गप्प बसत नाहीत. चेंडूचा वेग, उड्डाणकोन आणि क्लब यावरून अंदाज बांधून आकडा दाखवतात. ट्रॅकमनसारखी काही यंत्रं अंदाजाचा आकडा तिरप्या अक्षरात दाखवण्याचा प्रामाणिकपणा करतात. बाकीच्यांत ते सेटिंगमध्ये किंवा निर्यात केलेल्या फाइलमध्ये शोधावं लागतं.

नोंद ४: अंदाज पकडायची चाचणी

लागणारं सामान: पायाला मारायची पावडर स्प्रे, ड्रायव्हर, वेज, ओलं फडकं.

ड्रायव्हरच्या तोंडावर, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागावर, पावडरचा पातळ थर द्या. दहा चेंडू मुद्दाम उंच टीवरून (चेंडू ठेवायची खुंटी), तोंडाच्या वरच्या भागाने मारा. दहा चेंडू बुटक्या टीवरून खालच्या भागाने. पावडरीतला ठसा बघून प्रत्येक फटक्यासमोर वर, मध्य किंवा खाली असं लिहा. वरच्या भागाला लागलेला चेंडू जास्त कोनाने आणि कमी स्पिनने निघतो, खालच्या भागाचा कमी कोनाने आणि जास्त स्पिनने. यंत्राच्या स्पिनच्या रकान्यात हा फरक स्पष्ट दिसला पाहिजे. ठसे वर-खाली जाताहेत आणि स्पिन मात्र एकाच आकड्याभोवती घुटमळतोय, तर तो मोजलेला नाही.

वेजची चाचणी अजून सोपी. पाच चेंडू कोरडे, पाच चेंडू ओल्या फडक्याने पुसून आणि क्लबचं तोंडही ओलं ठेवून. पाण्यामुळे पकड सुटते, स्पिन पडतो, उड्डाणकोन वाढतो. अंदाज बांधणारं यंत्र उलट करतं: वाढलेला कोन बघून स्पिनही वाढवतं. या एका चाचणीत बरंच पितळ उघडं पडतं. धातूचा ठिपका असेल तर तो ओला झाला की सुटतो, तेवढं सांभाळा.

नोंद ५: कॅमेरा

तत्त्व: इन्फ्रारेड दिव्याचा क्षणिक झोत, अत्यंत कमी वेळाचं एक्स्पोजर, लागोपाठच्या प्रतिमा. एक्स्पोजर १० मायक्रोसेकंद असेल तर ६७ मीटरच्या वेगालाही चेंडू फक्त ०.६७ मिलिमीटर सरकतो, म्हणून प्रतिमा धारदार येते. दोन प्रतिमांमध्ये १ मिलिसेकंद असेल तर चेंडू ६.७ सेंटिमीटर पुढे जातो आणि २७०० आरपीएमला १६ अंश वळतो. १६ अंश म्हणजे डोळ्यांना दिसेल एवढं वळण. फेरा पूर्ण व्हायची वाट बघावी लागत नाही, खोलीत कॅमेरा वरचढ ठरतो तो इथेच.

फोरसाइटच्या जीसी-क्वाडमध्ये चार कॅमेरे, जीसी३ मध्ये तीन. एकाहून जास्त कॅमेऱ्यांमुळे अंतर कळतं, म्हणजे चेंडू जवळ येतोय की दूर जातोय ते. स्कायट्रॅक प्लसमध्ये कॅमेऱ्याच्या जोडीला रडार आहे. उनीकॉरची आय एक्सओसारखी यंत्रं छताला बसतात. उजवा-डावा कुणीही खेळो, यंत्र हलवावं लागत नाही. पण ती एकदा ठोकली की मैदानावर नेता येत नाहीत.

कॅमेऱ्याचा कमकुवतपणा: तो उड्डाणाचा पहिला काही सेंटिमीटरचा तुकडाच बघतो. २० सेंटिमीटरच्या टप्प्यात चेंडूची जागा १ मिलिमीटरने चुकली तर कोन ०.२९ अंशाने चुकतो आणि २०० मीटरवर तो मीटरभर होतो. म्हणून यंत्राला धक्का लागणं, लेन्सवर मॅटची धूळ बसणं, फरशी थोडी उतरती असणं, हे किरकोळ वाटणारे प्रकार कॅमेऱ्याला महागात पडतात. थेट ऊन पडलं तर इन्फ्रारेडचा गोंधळ होतो. खिडकीला जाड पडदा हवा. ठरलेल्या चौकोनाबाहेर चेंडू ठेवला तर तयारीचा दिवाच लागत नाही, आणि नवशिक्याला वाटतं यंत्र बिघडलं.

नोंद ६: क्लबचे आकडे

इथे दोन्ही प्रकारांकडे संशयाने बघा. रडारला क्लबहेड एक बिंदू म्हणून दिसत नाही, पुष्कळ चकाकणाऱ्या जागांचा गठ्ठा दिसतो, आणि फिरताना टोकाचा भाग टाचेकडच्या भागापेक्षा वेगाने जात असतो. कुठला भाग पकडला त्यावर क्लबवेग दोन-चार मैलांनी हलतो. कॅमेऱ्याला पाथ (क्लबच्या जाण्याची दिशा) आणि फेस अँगल (क्लबच्या तोंडाची दिशा) हवे असतील तर तोंडावर परावर्तक ठिपके लागतात. ते वाकडे लागले तर फेस अँगलही तेवढाच वाकडा येतो. सामन्याच्या फेरीआधी ते काढून टाका.

पडताळणीसाठी स्मॅश फॅक्टर, म्हणजे चेंडूचा वेग भागिले क्लबवेग, कामाला येतो. चेंडू ४५.९३ ग्रॅम, क्लबहेड २०० ग्रॅम, उसळीचा गुणांक ०.८३ धरला तर (१ + ०.८३) भागिले (१ + ४५.९३/२००), म्हणजे १.८३ भागिले १.२३, उत्तर १.४९. ड्रायव्हरला सतत १.५२, १.५३ दिसत असेल तर तुम्ही फार छान मारत नाही आहात. क्लबवेग कमी मोजला जातोय.

नोंद ७: मांडणी करताना

चेंडू मॅटवर आणि यंत्र फरशीवर, ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. ४ सेंटिमीटर जाड मॅट आणि २ मीटर अंतर असेल तर फरक १.१ अंशाचा. यंत्राखाली मॅटचाच तुकडा घाला.

दिशेसाठी लेसर रेषा किंवा ताणलेली दोरी: चेंडूपासून पडद्यावरच्या लक्ष्यबिंदूपर्यंत. नुसत्या नजरेने लावलेलं यंत्र एक अंश सहज चुकतं, म्हणजे २०० मीटरवर साडेतीन मीटर. मग सगळे फटके उजवीकडे जातात आणि माणूस विनाकारण स्विंग बदलत बसतो.

रडार असेल तर छताचा पंखा बंद. फिरती पाती हाही हलणारा धातूच. एकाच वारंवारतेची दोन रडारं शेजारी चालवू नका.

सॉफ्टवेअरमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची आणि तापमान भरा. खोलीतली कॅरी (चेंडू हवेतून जमिनीला टेकेपर्यंतचं अंतर) कुठल्याही यंत्राने मोजलेली नसते. ती हवेच्या घनतेवर चालणारी गणिती उड्डाणरेषा असते. १५ अंशांऐवजी ३५ अंश सेल्सिअसला हवा साडेसहा टक्क्यांनी विरळ होते. एकाने १५ आणि दुसऱ्याने ३५ भरलं तर दोघांच्या कॅरीची तुलना करण्यात हशील नाही.

नोंद ८: सद्यस्थिती

या खोलीसाठी बाजूला ठेवायचं कॅमेऱ्याचं यंत्र नक्की. बहुतेक सराव उघड्या मैदानावर होणार असता तर उत्तर उलटं आलं असतं, कारण तिथे रडार चेंडूचं प्रत्यक्ष उड्डाण बघतं.

खरेदीआधी विक्रेत्याला लेखी विचारायचे प्रश्न: वार्षिक वर्गणी बंद केली तर कोणते आकडे दिसत राहतात, क्लबचे आकडे मूळ किमतीत आहेत का, बाहेरचं सिम्युलेटर सॉफ्टवेअर जोडायला वेगळे पैसे पडतात का, आणि कॅलिब्रेशन बिघडलं तर यंत्र परत पाठवावं लागतं की घरी करता येतं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर गुळमुळीत आलं तर ते यंत्र यादीतून बाहेर.

बाकी काम: लेन्ससमोर चेंडू परतून येऊ नये म्हणून यंत्राला पुढून जाड रबराचा आडोसा, खिडकीचा पडदा, आणि डावखुऱ्यांसाठी मॅटच्या दुसऱ्या बाजूला यंत्राची जागा आखून तिथे वेगळी दोरी-रेषा. यंत्र हलवलं की पातळी आणि दिशा दोन्ही नव्याने तपासायची, त्यामुळे दोन्ही जागांवर फरशीत खुणा कोरायच्या आहेत. चिकटपट्टी आठवडाभरात सरकते.