अपेंडिक्स गेलं, जंत घरातच

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यामुळे लोकांची अपेंडिक्सं भरपूर बघते. ऑपरेशन झालं की ते फॉर्मॅलिनच्या बाटलीत आमच्याकडे येतं, मॅडम कापून बघतात आणि कधीकधी आतून पांढऱ्या शिवणाच्या दोऱ्याचा तुकडा पडावा तसं काहीतरी निघतं, जेमतेम सेंटिमीटरभर. स्लाइडवर आडवा छेद आला की मग शंकाच उरत नाही, गोल अंग आणि दोन्ही बाजूंना एकेक टोकदार काटा. पिनवर्म! रिपोर्टवर नाव लांबलचक येतं, एन्टरोबियस व्हर्मिक्युलॅरिस, पण हे आपले तेच बारीक जंत, ज्यांच्यामुळे पोरगं रात्री झोपेत ढुंगण खाजवत बसतं.

रिपोर्ट बघून आईवडील विचारतात, म्हणजे जंतांमुळे अपेंडिक्स झालं का हो? तर खरं सांगायचं तर बहुतेक वेळा तसं छातीठोकपणे सांगता येत नाही. हे जंत राहतातच मुळी मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला आणि अपेंडिक्स तिथेच लटकलेलं, त्यामुळे आत शिरणं काही मोठी गोष्ट नाही. आणि गंमत अशी की ज्या अपेंडिक्समध्ये जंत सापडतो त्यातल्या बऱ्याच ठिकाणी सूज नसतेच, पू नाही, काही नाही, पण पोट मात्र अगदी अपेंडिक्ससारखंच उजवीकडे खाली दुखलेलं असतं. काही वेळा जंतांनी नळी तुंबून खरोखरची सूज येतेही, पण तुंबायला कडक झालेल्या शीचा खडा किंवा आतल्या गाठींची सूज ही कारणं जास्त नेहमीची. जगभरचे आकडे काढले तर काढलेल्या अपेंडिक्समध्ये हा जंत कुठे अर्ध्या टक्क्याहून कमी तर कुठे थेट 40 टक्क्यांच्या वर, आता यावरून काय निष्कर्ष काढायचा तुम्हीच सांगा. म्हणून पोट दुखतंय म्हणजे जंतच असतील असं ठरवून घरी औषध देत बसू नका, डॉक्टरला आधी पोट दाखवा.

मला खटकतं ते वेगळंच. रिपोर्ट येईपर्यंत पोरगं घरी गेलेलं असतं, टाके काढायला गेले की फाइल दाखवतात, ‘सगळं ठीक आहे ना’, ‘हो ठीक’, संपलं. जंताची ओळ कोण वाचतं! अरे पण अपेंडिक्स काढलं तरी बाकीचे जंत आतड्यात तसेच आहेत. मादी रात्री बाहेर येऊन शीच्या जागेभोवती 10 हजारांच्या आसपास अंडी घालते, ती काही तासांतच लागण करायला तयार, खाजवलं की नखात, नखातून तोंडात, चादरीवर, भावंडांच्या हातावर, आणि ही अंडी बाहेर 2-3 आठवडे टिकतात. शी तपासून बहुतेक वेळा काही सापडत नाही, त्यासाठी सकाळी उठल्या उठल्या, धुवायच्या आधी, पारदर्शक चिकटपट्टी तिथे लावून काचेवर चिकटवून आणायची असते. हे सांगितलं की लोक असे बघतात!

अल्बेंडाझोलचा एक डोस बहुतेकांना माहीत असतो, 10 फेब्रुवारीच्या जंतनाशक दिनाला शाळेत मिळतो तोच. पण गोळीने अंडी मरत नाहीत, म्हणून 2 आठवड्यांनी परत एक डोस लागतो आणि दोन्ही वेळा तो घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्यायचा असतो, आजीआजोबांसकट (गरोदर बाई किंवा अगदी लहान बाळ असेल तर डॉक्टरला विचारूनच). नखं कापा, सकाळी आंघोळ, चड्ड्या चादरी गरम पाण्यात. आणि गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत, आजी काहीही म्हणो, पेढा द्या खुशाल. कुत्र्यालाही उगाच बोल लावू नका, हा जंत फक्त माणसाकडून माणसाला होतो.