‘सोयीनुसार’ या एका शब्दानं माझं वर्ष खाल्लं

"पोराला सोडून आलीस?" हे मला माहेरच्या गल्लीत विचारलं गेलं, ड्युटीवर विचारलं गेलं, एकदा तर अंबाबाईच्या दर्शनरांगेतसुद्धा.

सोडून नव्हते आले. घटस्फोटाच्या वेळी मुलगा नऊ वर्षांचा. शाळा, मित्र, आजी, सगळं शिवाजी पेठेत. मी नर्स, आठवड्याआड नाइट, राहायला एक खोली. न्यायाधीशांनी त्याला चेंबरमध्ये बोलावलं होतं. बाहेर आल्यावर त्यानंच मला सांगितलं, "दोघं पाहिजेत म्हटलं, पण घर हेच." त्या रात्री मी ताबा वडिलांकडे द्यायचं ठरवलं. लोकांना वाटतं, मूल आईलाच मिळतं, नाही मिळालं म्हणजे बाईतच काहीतरी खोट. 1956 चा पालकत्वाचा कायदा पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे ठेवतो, पण सगळ्यात वर मुलाचं हितच धरतो. माझ्या मुलाचं हित त्या घरात होतं, आणि हे मान्य करताना माझ्या पोटात काय झालं ते माझं मला माहीत.

चूक झाली ती संमतीच्या अटींत, म्हणजे आम्ही दोघांनी सह्या करून कोर्टात दिलेल्या कागदात. ‘आई सोयीनुसार मुलास भेटेल’, एवढीच ओळ. भांडण नको म्हणून मी सही केली. मग सोय कधी झालीच नाही. कधी क्लास, कधी पाहुणे, कधी ताप. रंकाळ्यावर डबा घेऊन बसायचे, अंधार पडला की तसाच घरी आणायचे.

दुसऱ्या वकीलबाई भेटल्या, त्यांनी सांगितलं की हिंदू विवाह कायद्याच्या कलम 26 खाली निकालानंतरही भेटीचा हुकूम बदलून मागता येतो. हुकलेली प्रत्येक भेट मी वहीत तारखेनिशी लिहिली होती, तीच कामी आली. समुपदेशक मॅडम म्हणाल्या, "गाऱ्हाणं नको, वेळापत्रक द्या." व्हिडिओ कॉल मागावा की नाही, याची मला धाकधूक होती. पण सर्वोच्च न्यायालयानं 2020 च्या एका निकालात म्हटलंय की ताबा नसलेल्या पालकाला मुलाशी रोज पाच-दहा मिनिटं बोलता यायला हवं. वकीलबाईंनी तो निकाल जोडला.

आता हुकमात दुसरा-चौथा शनिवार सकाळी 10 ते रविवार संध्याकाळी 6, दिवाळी आणि मेची निम्मी सुट्टी, रात्री 8 ला कॉल, आणि हुकलेली भेट त्याच महिन्यात भरून द्यायची, असं सगळं आहे. मुलाला न्यायचं कुठून, सोडायचं कुठं, तेही. तुम्ही या वाटेवर असाल तर घड्याळाच्या काट्यासकट लिहून घ्या, बायांनो. माणसं चांगली असली तरी.

शाळेत दोघांचे नंबर राहतील, ही अट मी शेवटच्या तारखेला घातली. हुकमाची नक्कल नेऊन दिली. पावसाळ्यात एका सकाळी शाळेतून फोन आला, "खेळताना पडलाय, वडिलांचा फोन लागत नाही. तुम्ही आई ना? येता का?" नाइट करून नुकतीच आले होते. तशीच रिक्षा केली.