साबणाच्या दोन वड्या

माझ्या दोनशेपानी वहीच्या तिसऱ्याच पानावर लाल शाईत एक शेरा आहे : ‘हे पाहिलेत, की वाचलेत?’ पदवीच्या शेवटच्या वर्षी पुण्यात मी चित्रपट रसास्वाद हा ऐच्छिक विषय घेतला होता आणि त्याचे दुसरे सत्र संपूर्ण रशियन आणि सोव्हिएत चित्रपटांचे होते. पडदे ओढूनही पश्चिमेच्या खिडकीतून उन्हाची एक पट्टी हटकून पडद्यावर आडवी पडायची, अशा एका खोलीत दर बुधवारी दुपारी आम्ही बावीस जण चित्रपट पाहत असू आणि शुक्रवारी सकाळी आपापला प्रतिसाद लिहिलेली वही बाईंच्या टेबलावर ठेवत असू. ‘प्रतिसाद’ हा शब्द बाईंचा. परीक्षण नको, कथासार नको, दिग्दर्शकाचे चरित्र तर नकोच. चित्रपट संपल्यावर जे अंगाला चिकटून राहिले तेवढेच लिहा, असे त्यांचे सांगणे होते. हे काम सोपे आहे असे मला वाटले आणि मी तडक ग्रंथालयात गेलो.

पहिला चित्रपट आयझेन्स्टाइनचा ‘बॅटलशिप पोटेमकिन’. १९०५ साली काळ्या समुद्रातल्या एका युद्धनौकेवर खलाशांनी केलेल्या बंडावर १९२५ साली काढलेला हा मूकपट, त्यातल्या ओडेसाच्या पायऱ्या आणि त्या पायऱ्यांवरून गडगडत जाणारी बाबागाडी, यांवर इतके लिहून ठेवलेले आहे की माझी तीन पाने पाऊण तासात भरली. ‘द्वंद्वात्मक’ हा शब्द मी त्यात अकरा वेळा वापरला होता; आकडा मला ठाऊक आहे, कारण बाईंनी प्रत्येक ठिकाणी खूण करून शेवटी बेरीज मांडली होती. त्याखालीच तो शेरा.

चित्रपट मी पाहिला होता, हे मात्र खरे. फक्त जे पाहिले ते लिहिण्याच्या लायकीचे आहे, असे मला वाटले नव्हते. पायऱ्यांच्या कितीतरी आधी, बंडाचे मूळ म्हणून, जहाजावर टांगलेले मांस दिसते. त्यात अळ्या वळवळत असतात. खलाशी तक्रार करतात, तेव्हा जहाजावरचा डॉक्टर आपला चष्मा दुमडून त्याचे भिंग करतो, मांसाला नाक लावून पाहतो आणि या अळ्या नव्हेतच, मिठाच्या पाण्याने धुतले की झाले, असा निर्वाळा देतो. आता मी तेव्हा ज्या मेसमध्ये जेवत होतो तिथे आदल्याच महिन्यात भातात पोरकिडे निघाले होते आणि मालकांनी ताट दिव्याखाली धरून, जराही न अडखळता, ‘अहो, हे जिरं आहे, जिरे-राईस आहे आज’ असे सांगितले होते. त्या दिवशी मेन्यूत साधा भात होता. डॉक्टरचे भिंग पडद्यावर मोठे झाले तेव्हा मी खोलीत एकटाच मोठ्याने हसलो, आणि बाकीच्यांनी वळून पाहिले. पुढे एक खलाशी अधिकाऱ्यांच्या थाळ्या पुसत असतो. एका थाळीवर रोजची भाकरी आम्हांला दे, अशी प्रार्थना कोरलेली त्याला दिसते आणि तो ती थाळी आपटून फोडतो. हा हात एकाच सरळ हालचालीत खाली येत नाही. तुकडे जोडताना आयझेन्स्टाइनने ती हालचाल अशी चिरली आणि परत अशी रचली आहे की थाळी जणू दोनदा फुटते. संतापाने एखादी वस्तू आपटताना माणसाला स्वतःला ती कृती तशीच लांबलेली वाटते. हे मी दुसऱ्या खेपेला लिहून दिले, मेससकट. बाईंनी त्यावर काहीच लिहिले नाही, नुसती बरोबरची खूण केली.

कुलेशोव्ह या सोव्हिएत दिग्दर्शकाच्या प्रयोगाचा तास मात्र आम्ही सगळ्यांनी मिळून रंगवला. क्रांतीनंतर रशियात कच्च्या फिल्मची इतकी टंचाई होती की १९१९ साली मॉस्कोत चित्रपटाचे शिक्षण देणारी जगातली पहिली संस्था निघाली तरी चित्रीकरणाला फीतच नव्हती. त्यामुळे कुलेशोव्ह आणि त्याचे विद्यार्थी फिल्मशिवायच ‘चित्रपट’ बसवत, आणि जुन्या चित्रपटांचे तुकडे उलटसुलट जोडून पाहत. मोझुखिन हा त्या काळचा मोठा नट. त्याच्या निर्विकार चेहऱ्याचा एकच तुकडा त्यांनी एकदा सूपच्या थाळीला, एकदा शवपेटीला जोडला. तिसऱ्या तुकड्याबद्दल दोन पाठ आहेत. कोणी तिथे कोचावरची तरुणी सांगतात, तर त्याचा विद्यार्थी पुदोव्हकिन याच्या आठवणीत तिथे खेळण्यातल्या अस्वलाशी खेळणारी लहान मुलगी आहे. प्रेक्षकांना दर वेळी त्या चेहऱ्यावर भूक, दुःख वगैरे निरनिराळे भाव दिसले आणि नटाचे कौतुक झाले, अशी ती गोष्ट आहे. आम्ही माझ्या खोलीतल्या जोडीदाराचा परीक्षा अर्जावरचा फोटो घेतला, ज्यात तो आधार कार्डावरच्या कोणत्याही माणसाइतकाच भावशून्य आहे, आणि मोबाइलवर त्याच्या शेजारी आधी कांदेपोह्यांची बशी, मग गुणपत्रिका आणि मग बंद दाराला लावलेले कुलूप असे फोटो जोडले. कँटीनमध्ये ते मुलांना दाखवत फिरलो. पोह्यांनंतर ‘बिचारा उपाशी आहे’ असे उत्तर आले, गुणपत्रिकेनंतर ‘दोन विषय राहिले वाटतं’, आणि कुलपानंतर एकीने अगदी हळव्या आवाजात ‘ब्रेकअप?’ असे विचारले. जोडीदार शेजारीच उभा होता आणि त्याचा चेहरा तेव्हाही तसाच होता.

व्हर्तोव्हच्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’बद्दल माझ्या वहीत अर्धेच पान आहे. त्या १९२९ सालच्या चित्रपटाच्या वेगाने मला दमवले. तरी धावता घोडा मध्येच गोठतो, मग त्याच चित्रांच्या फिती हातात घेऊन निवडणारी संकलक स्विलोव्हा, व्हर्तोव्हची पत्नी, दिसते आणि तिने फीत जोडली की गोठलेले चेहरे पुन्हा हलू लागतात, तेवढा भाग मी टाचून ठेवला आहे. आजीने गोधडीसाठी जुन्या लुगड्यांचे तुकडे निवडावेत, तशा शांतपणे ती त्या फिती निवडते.

स्टालिनच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी, १९५७ साली, कालातोझोव्हचा ‘द क्रेन्स आर फ्लाइंग’ आला आणि पुढच्या वर्षी त्याला कान चित्रपट महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यात बोरिस युद्धावर निघालेला असतो, वेरोनिका त्याला निरोप द्यायला उशिरा पोहोचते आणि गर्दीतून वाट काढत राहते. उरुसेव्स्कीचा कॅमेरा तिच्यासोबत बसमधून उतरतो, माणसांत घुसतो, तिच्यामागे धावतो, मग एकदम वर उचलला जातो आणि ती खाली रणगाड्यांच्या मधून रस्ता ओलांडताना दिसते. हे सगळे अचाटच आहे, आणि बावीसपैकी किमान पंधरा वह्यांत याच दृश्याचे वर्णन होते. माझ्या वहीत बिस्किटांचा पुडा आहे. भेट होत नाही असे दिसल्यावर ती हातातला खाऊचा पुडा त्याच्या दिशेने भिरकावते, तो मध्येच पडतो, फुटतो आणि निघालेल्या तुकडीचे बूट त्यावरून जातात. स्वारगेटला गाडी हलल्यावर खिडकीतून आत फेकलेला डबा ज्याने एकदा तरी झेलला असेल, त्याला हा पुडा फुटल्याचा आवाज ऐकू येईल.

तारकोव्स्कीच्या ‘मिरर’ला मी झोपलो. वहीत तसेच लिहिले आहे : ‘मला झोप लागली. जाग आली तेव्हा टेबलाशी चहा घेत बसलेली बाई दिसेनाशी झाली होती आणि लाकडावर कपाच्या वाफेचा गोल डाग हळूहळू विरत होता. तो पूर्ण विरेपर्यंत मी श्वास रोखला होता. बाकी काही समजले नाही.’ सत्रातले माझे सर्वाधिक गुण याच चार वाक्यांना आहेत. त्यावर बाईंनी वर्गात सांगितले की तारकोव्स्कीला खुद्द सोव्हिएत प्रेक्षकांचीही ‘काही कळले नाही’ अशी चिडलेली पत्रे आली होती, आणि त्याच टपालात, माझे बालपण असेच होते, तुम्हांला कसे कळले, असे विचारणारे एका बाईचे पत्रही होते. दोन्ही तऱ्हेची पत्रे त्याने आपल्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच दिली आहेत. त्याच पुस्तकात एका शेताची हकिकत आहे. त्याच्या लहानपणी घरासमोर बकव्हीट, म्हणजे उत्तर भारतात उपवासाला खातात तो कुट्टू, फुलायचा आणि शेत पांढरे व्हायचे. चित्रीकरणाला गेल्यावर तिथे दुसरीच पिके होती आणि सामुदायिक शेतीवरचे लोक छातीठोकपणे सांगत होते की या जमिनीत बकव्हीट येणारच नाही. चित्रपटवाल्यांनी ते शेत खंडाने घेऊन बकव्हीट पेरला आणि तो आला. एका चित्रपटासाठी कोणी आधी पेरणी करतो आणि उगवण्याची वाट पाहतो, हे ऐकल्यावर मला माझ्या झोपेची थोडी लाज वाटली. थोडीच.

मे महिन्याच्या सुट्टीतला शेवटचा अभ्यास असा होता की एक चित्रपट घरी, घरातल्या वडीलधाऱ्या माणसासोबत पाहायचा. मॉसफिल्म या स्टुडिओने आपले पुष्कळ जुने चित्रपट यूट्यूबवर खुले केलेले आहेत. त्यामुळे कोकणातल्या आमच्या घरी, ओटीवर, जिथे नेटवर्क येते त्या खांबाला टेकून, मी आईला चुखरायचा ‘बॅलड ऑफ अ सोल्जर’ दाखवला. खालची इंग्रजी अक्षरे मी वाचायचो आणि मराठीत सांगायचो. ती फणसाच्या आठळ्या सोलत होती.

‘राज कपूर ज्यांना आवडायचा, तीच ना ही माणसं?’ तिने विचारले.

‘तीच,’ मी म्हणालो.

हा १९५९ सालचा चित्रपट. एकोणीस वर्षांचा अल्योशा घाबरून का होईना, दोन रणगाडे निकामी करतो आणि पदकाऐवजी रजा मागतो; आईच्या घराचे छप्पर गळते आहे, ते दुरुस्त करायचे आहे. सहा दिवस मिळतात : दोन जायचे, दोन यायचे, दोन छपराचे. वाटेत एक सैनिक त्याला गळ घालतो की माझ्या बायकोला साबण नेऊन दे, आणि अख्ख्या पलटणीजवळ असलेल्या दोन वड्या त्यासाठी निघतात. अल्योशा पत्ता शोधत जातो, तर जिन्यात एक मुलगा साबणाचे फुगे उडवत असतो आणि ती बाई दुसऱ्या पुरुषासोबत राहत असते. अल्योशा साबण ठेवतो, निघतो, मग परत येऊन तो उचलतो आणि त्या सैनिकाच्या वडिलांना नेऊन देतो.

‘परत घेतला ते बरं केलं,’ आई म्हणाली. पुढे मात्र तिने त्या बाईबद्दल एक अवाक्षर काढले नाही, आणि तो मुलगा फुगे उडवत होता तो भाग तिने मला पुन्हा लावायला सांगितला.

वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाच्या अडीअडचणीत अल्योशाचे दिवस संपतात. गावाला पोहोचतो तेव्हा हातात काही मिनिटेच उरलेली असतात. आई शेतातून धावत येते, रस्त्यावरच दोघे भेटतात, गाडी थांबलेली असते, आणि तो जातो. तो परत येणार नाही, हे निवेदकाने पहिल्याच दृश्यात सांगितलेले असते. मी डोळे पुसले आणि वहीत काय लिहावे याची जुळवाजुळव करू लागलो. युद्धपट असूनही युद्ध जेमतेम दिसणे, प्रमुख भूमिका करणारी मुले खरोखरच मॉस्कोच्या त्याच संस्थेतली विद्यार्थी असणे, चुखराय स्वतः युद्धात जखमी झालेला सैनिक असणे, असे बरेच काही माझ्याजवळ होते.

आईने आठळ्यांची टोपली बाजूला सारली. ‘ते सगळं खरं. पण मग तिचं छप्पर कोणी शाकारलं?’

मी म्हणालो, ‘ते दाखवलेलं नाही.’

‘पावसाच्या आधी झालं असेल तर बरं,’ ती म्हणाली, आणि आमच्या शाकारणीला येणाऱ्या गड्याला अजून निरोप गेला नाही हे आठवून चपला घालून वाडीत निघून गेली.