थांबलेल्या काळातले पाच सेकंद

माझा भाचा नववीत आहे. परवा ताटावर बसल्या बसल्या त्याने विचारलं, "मामा, डिओने काळ थांबवला आणि समोर गोकू असला, तर?"

डिओ म्हणजे 'जोजोज बिझार अॅडव्हेंचर' या जपानी चित्रमालिकेतला खलनायक. कैरोतल्या शेवटच्या लढाईत तो काळ थांबवून माणसं मारतो. 'ड्रॅगन बॉल' या दुसऱ्या जपानी मालिकेचा नायक गोकू लढता लढता नजरेला दिसेनासा होतो, इतका वेगवान. दोघांच्या मालिका वेगळ्या, त्यामुळे सामना व्हायचा नाही. वाद मात्र घरोघरी होतो.

मी शाळेतलं सूत्र पुढे केलं. अंतर म्हणजे वेग गुणिले वेळ. वेळ शून्य, की अंतरही शून्य. मग वेग बैलगाडीचा असो, की सेकंदाला ३ लाख किलोमीटर जाणाऱ्या प्रकाशाचा.

"आणि हिट?"

हिट हा 'ड्रॅगन बॉल सुपर'मधला मारेकरी. काळात ०.१ सेकंदाची उडी मारतो, तेवढ्यात ठोसा बसलेला असतो. गोकूने त्याला गाठलं, हे खरं. पण पायांच्या जोरावर नव्हे. उडी संपली की हा कुठे उगवणार, याचा अंदाज बांधून. लपंडावात अमुक एकजण जिन्याखालीच लपतो हे ठाऊक असलं, की शोधायला धावावं लागत नाही.

माझा जीव मात्र 'ड्रॅगन बॉल'मधल्याच गुल्डोवर. हिरवा, बुटका, चार डोळ्यांचा. श्वास रोखला की त्याचा काळ थांबतो, श्वास सुटला की सुरू. हा तर आपला हुतूतू! गोकूच्या बाजूच्या क्रिलिन आणि गोहानच्या माऱ्यातून निसटताना बिचाऱ्याला धाप लागते. वेगवान गड्याला संधी असेल तर ती इथेच, दम सुटल्यापासून पुन्हा छाती भरेपर्यंतच्या फटीत. थांबलेल्या काळात वेगाला कोणी विचारत नाही. त्याच्या अलीकडच्या अर्ध्या श्वासात मात्र तो सगळं उरकू शकतो.

भाच्याने मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, घास गिळायला.

डिओचा दम मोठा. आधी पाच सेकंद, पुढे नऊ. आणि काळ थांबलेला असताना हा गृहस्थ सेकंद मोजतो! कुठल्या घड्याळावर? आमच्या स्वयंपाकघरातल्या घड्याळाचा सेल संपत आलाय. सेकंदकाटा नवापाशी येतो, तिथून वरचा चढ त्याला चढवत नाही आणि तो जागच्या जागी थरथरत राहतो. ताई त्याच घड्याळाकडे बघून "पाच मिनिटांत वाढते" म्हणते. डिओचे सेकंद याच जातीचे असावेत.

डिओचं बिंग फोडलं त्याच्याविरुद्ध लढणाऱ्या काक्योइनने, आणि तो काही वेगासाठी प्रसिद्ध नाही. त्याने डिओभोवती धाग्यांचं जाळं विणलं होतं. ते सगळे धागे एकाच क्षणी तुटले, एकामागून एक नव्हे. मरता मरता एवढ्यावरून त्याने ओळखलं, आणि शेवटचा मारा डिओवर न करता घड्याळाच्या मनोऱ्यावर केला, साथीदारांना कळावं म्हणून. या सगळ्या मारामाऱ्यांत मला तोच सर्वांत हुशार वाटतो.

शेवटी मी हुकमी पत्ता टाकला. "अरे, काळ थांबला म्हणजे प्रकाशही थांबला. डोळ्यांपर्यंत काही पोचणारच नाही. तुझ्या डिओला मिट्ट काळोख. मारणार कुणाला?"

त्याने शांतपणे ताकाचा पेला संपवला.

"मामा, तो व्हॅम्पायर आहे. त्याला काळोखातच दिसतं."