उणे ८० अंशांचा फ्रीझर आणि १,०४,००० रुपये

१८ जुलै २०२२ ही तारीख माझ्या डोक्यातून जात नाही. तोवर संशोधन संस्थांना उपकरणांवर सवलतीचा ५ टक्के जीएसटी लागायचा. त्या दिवशी सवलत गेली आणि १८ टक्के लागू झाला. आमच्या फ्रीझरची फाईल तेव्हा अजून सहीसाठी फिरत होती.

मी बेळगावची, शहापूरची. आधी नऊ वर्षं एका पतसंस्थेत होते, मग विद्यापीठाच्या एका विज्ञान संस्थेत प्रकल्प विभागात लागले. शास्त्रज्ञांना बाहेरून मिळालेल्या अनुदानाचा हिशेब ठेवायचा, खरेदी करायची, रिसर्च फेलोंची फेलोशिप काढायची आणि वर्षाअखेरीस यूसी पाठवायचं, हे आमचं काम. यूसी म्हणजे विनियोग प्रमाणपत्र. ज्यासाठी पैसे दिले त्यासाठीच ते खर्चले, असं लिहून द्यायचं. ते गेल्याशिवाय पुढचा हप्ता सुटत नाही. घरी मराठी, ऑफिसात बोलणं कन्नड आणि फाईल इंग्रजीत, हे तर आमच्याकडं सगळ्यांचंच आहे.

प्रकल्प मातीतल्या जिवाणूंवर होता. जांबोटी-कणकुंबीच्या जंगलपट्ट्यातून मातीचे नमुने आणायचे आणि उणे ८० अंशांत ठेवायचे. नमुने आणणारी मुलगी खानापूर तालुक्यातलीच, ज्युनिअर रिसर्च फेलो. पावसाळ्यात ती मांडीवर थर्माकोलची पेटी घेऊन बसनं यायची. आत बर्फाच्या पिशव्या, त्यांच्यामध्ये कुप्या, प्रत्येकीवर मार्करनं लिहिलेला नंबर. फ्रीझर नव्हता म्हणून ती पेटी दुसऱ्या विभागाच्या फ्रीझरमध्ये, त्यांच्या मर्जीनं ठेवावी लागे. एकदा त्यांनी जागा नाही म्हणून सांगितलं, तेव्हा तिचा चेहरा मी बघितला आहे.

मंजुरीपत्र मार्चमध्ये आलं होतं. फ्रीझरची किंमत ८ लाख, ५ टक्क्यांनी कर ४० हजार. नॉन-रिकरिंग, म्हणजे एकदाच होणाऱ्या उपकरण-खर्चाच्या हेडखाली नेमके ८,४०,००० मंजूर, वर एक रुपया नाही. खरेदी जूनच्या आत उरकायला हवी होती. पण संस्था कर्नाटकातली म्हणून १९९९ चा केटीपीपी, म्हणजे राज्याचा सरकारी खरेदीचा कायदा, आणि पैसा केंद्राचा म्हणून जीएफआर २०१७, म्हणजे केंद्राचे वित्तीय नियम; नेमकं कशानं जायचं, यावरच दोन आठवडे गेले. मग जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर तसा फ्रीझर मिळत नाही याचा रिपोर्ट काढला, निवडक पुरवठादारांकडून दर मागवणारं लिमिटेड टेंडर लावलं, आलेल्या दरांचं कंपॅरेटिव्ह स्टेटमेंट केलं. एका कोटेशनवर तारीख नव्हती म्हणून फाईल परत आली. कमिटीचे एक सदस्य परीक्षेच्या कामाला गेले म्हणून पुन्हा थांबली. यातलं एकही काम चुकीचं नव्हतं. प्रत्येकानं आपला नियम पाळला. फक्त तारखेकडं कोणाचं लक्ष नव्हतं, माझंही नव्हतं.

सप्टेंबरात ऑर्डर गेली. बिलाची रक्कम ९,४४,०००. म्हणजे १,०४,००० कमी.

त्या रात्री मला झोप लागली नाही. पतसंस्थेत कॅश दहा रुपयांनी कमी आली तरी आम्ही घरी जात नव्हतो. सकाळी आमचे सीनियर क्लार्क, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, समजुतीनं बोलले, “अहो बाई, मार्चात आलेली रक्कम बँकेत होती, त्याचं व्याज आहे की. आधी तेवढं तरी घाला की त्यात.”

“व्याज आपलं नव्हे, अण्णा.”

जीएफआरच्या नियम २३० मध्ये ते स्पष्ट आहे: अनुदानावरचं व्याज हिशेब पुरा झाला की सरकारच्या तिजोरीत परत भरायचं. ते केंद्राच्या भारतकोश पोर्टलवर भरतात. केमिकल्सच्या हेडमधून पैसे वळवावेत असंही कोणी सुचवलं. पण रिकरिंगचे, म्हणजे चालू खर्चाचे पैसे उपकरणाला लावायला निधी देणाऱ्या खात्याची लेखी परवानगी लागते, आणि ती येईपर्यंत सप्लायर थांबणार नव्हता. शेवटी राहिला ओव्हरहेड. प्रकल्पाला जागा, वीज, ऑफिस पुरवल्याबद्दल संस्थेला मिळणारा तो वाटा. मी दीड पानाची टिप्पणी लिहिली: जुना दर, नवा दर, फरक आणि फ्रीझर नाही आला तर नमुन्यांचं काय होणार. प्रकल्प ज्यांचा, त्या सरांनी खाली सही केली, आणि संचालकांनी ओव्हरहेडमधून रक्कम मंजूर केली. एकाच बिलाची दोन व्हाउचर केली, एक प्रकल्पाचं, एक संस्थेचं. डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीलाही दोन्ही खाती लिहिली.

फ्रीझर आला त्या दिवशी त्या मुलीनं पेट्या एकेक करून आत लावल्या. मी उगीचच दारात उभी होते. दारावरचा आकडा उणे ८० वर यायला बराच वेळ लागला, तोवर दोघी तिथंच होतो.

करारांच्या बाबतीतही मी आता पहिल्यांदा कराचं कलम वाचते. एका साखर कारखान्याशी मळीच्या सांडपाण्याच्या अभ्यासाचा करार आला, तेव्हा मी सरांना विचारलं, हे अनुदान की तपासणीची फी? १० ऑक्टोबर २०२४ पासून ठरावीक संस्थांना अनुदानातून केलेल्या संशोधनावर जीएसटी माफ आहे. फी घेऊन केलेल्या कामाचं तसं नाही. एका शब्दानं १८ टक्क्यांचा फरक पडतो.

फ्रीझरच्या बिलाबद्दल २०२३ च्या मार्चअखेरीला सीएंनी नेमकं तेच विचारलं: बिल ९,४४,००० चं, मग खर्चाच्या तक्त्यात ८,४०,००० कसे? दोन्ही व्हाउचर आणि टिप्पणी समोर ठेवली. त्यांनी वाचली आणि शिक्का मारला. १२-ए फॉर्ममधलं यूसी दिल्लीला गेलं. तरीही दुसरा हप्ता यायला जुलै उजाडला. एप्रिल, मे, जून त्या मुलीची फेलोशिप नाही. टिळकवाडीत कॉट बेसिसवर राहते, भाडं थकलं होतं. हे मला तिनं सांगितलं नाही, तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. पैसे आले त्या दुपारीच मी तीन महिन्यांचं बिल एकदम काढलं.

तेवढ्यात केंद्राचा आदेशही हाती आला होता: ज्युनिअर फेलोशिप १ जानेवारी २०२३ पासून ३१ हजारांऐवजी ३७ हजार. जानेवारी ते जून, महिना ६ हजारांप्रमाणे ३६ हजार तिला येणं होतं, पण मंजुरीपत्रात आकडा जुनाच. सुधारित मंजुरी मागणारं पत्र मी त्याच दिवशी टाईप केलं, आदेशाची प्रत जोडली आणि सरांची सही घ्यायला स्वतः प्रयोगशाळेत गेले.